दुकानाचा आवाज कोणाच्या हाती द्यावा? बडोद्यातील व्यावसायिकांसाठी एक तुलना

दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात तीन पिढ्या चालत आलेले, फराळाचे आणि मसाल्यांचे एखादे मराठी दुकान डोळ्यांसमोर आणावे. गल्ल्यावरचे काका गिऱ्हाइकाला ‘वहिनी, या खेपेस भाजणी जरा खमंग झाली आहे, पावशेर नेऊन पाहा’ असे सांगतात. खोक्यावर ‘उत्कृष्ट दर्जा हीच आमची परंपरा’ असे छापलेले असते. मुलगा इन्स्टाग्रामवर निम्मे इंग्रजी आणि निम्मे हिंदी वापरून थट्टेखोर कॅप्शन लिहितो, आणि पार्सल उशिरा पोचल्याची तक्रार आली की व्हॉट्सॲपवरून ‘सदर बाबीची नोंद घेण्यात आली आहे’ असे उत्तर जाते. दुकान एकच, पण गिऱ्हाइकाला चार निरनिराळी माणसे भेटतात, आणि त्यांपैकी विश्वास बसावा असे माणूस बहुधा फक्त गल्ल्यावर असते.

ब्रँडचा आवाज सारखा ठेवायचा म्हणजे हा गल्ल्यावरचा माणूस उरलेल्या तीन ठिकाणीही ओळखू यावा अशी व्यवस्था करायची. ते काम मालकाने स्वतः करावे, जाहिरात एजन्सीकडे द्यावे, लिखित भाषापत्रक करून दुकानातल्याच कोणाकडे सोपवावे, की हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या एआय साधनांवर भागवावे, असे चार मार्ग व्यावसायिकासमोर असतात. त्यांची तुलना करताना केवळ खर्चाकडे पाहिले तर निर्णय चुकतो, कारण चारही मार्गांची खरी परीक्षा दिवाळीच्या जाहिरातीत होत नाही. माल संपला, पैसे परत करायचे आहेत, भाव वाढला, अशा रोजच्या आणि काहीशा अडचणीच्या निरोपांत ती होते.

तुलनेपूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा. आवाज आणि सूर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मेलचिंप या अमेरिकी कंपनीने आपली लेखनपद्धती सर्वांसाठी खुली करून ठेवली आहे, आणि आवाज नेहमी एकच असतो पण सूर प्रसंगाप्रमाणे बदलतो, ही गोष्ट तीत स्वच्छ मांडलेली आहे. आपल्याकडे हे वेगळे शिकवावे लागू नये, कारण घरातली आजी बारशाला आणि दहाव्याला वेगळ्या सुरात बोलते, तरी आजीच असते. सूर मोजण्यासाठी निल्सन नॉर्मन ग्रुप या वापरसुलभतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये चार पट्ट्या सुचवल्या: गमतीदार ते गंभीर, औपचारिक ते घरगुती, आदरशील ते बेपर्वा, आणि उत्साही ते निव्वळ माहितीपर. आपल्या दुकानाची खूण प्रत्येक पट्टीवर कोठे पडते, हे घरातील तिघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता, कागदावर मांडावे. तिघांच्या खुणा जुळत नसतील, तर कोणतीही एजन्सी त्या जुळवून देणार नाही.

आता एकच निरोप यांपैकी तीन मार्गांनी कसा जातो ते पाहू. चकली संपली आहे, एवढाच मजकूर. मालक लिहितात: ‘चकली आज संपली. उद्या अकरानंतर नवा घाणा निघेल. तुमच्यासाठी अर्धा किलो बाजूला ठेवू का?’ एजन्सीतील होतकरू लेखक लिहितो: ‘चकलीप्रेमींनो, थोडा धीर धरा! कुरकुरीत सरप्राइज लवकरच!’ एआयला नुसते ‘माल संपल्याचा निरोप लिही’ असे सांगितले, तर पुष्कळदा या वळणाचे काही हाती येते: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सदर उत्पादन सध्या उपलब्ध नाही.’ पहिल्या निरोपात वेळ आहे, माप आहे आणि प्रश्न आहे. दुसऱ्यात उद्गारचिन्हे आहेत. तिसऱ्यात व्याकरण निर्दोष आहे आणि चकली मात्र कोठेच नाही.

यावरून मालकाने स्वतः लिहिणे हाच उत्तम मार्ग, असा निष्कर्ष घाईने काढू नये. मालकाचा आवाज अस्सल असतो, पण तो मालकाच्या वेळेवर अवलंबून असतो. अश्विन उजाडला, अमेरिकेला जाणाऱ्या पार्सलांची रांग लागली, की संध्याकाळी सातला त्यांच्या हातून जे उत्तर जाते ते सकाळी दहाच्या उत्तरासारखे राहत नाही. शिवाय आपण कसे बोलतो हे मालकाला ठाऊक नसते. तो नुसता बोलतो. एका दुकानापुरते आणि एका माणसापुरते हे चालते. अलकापुरीला दुसरी शाखा निघाली आणि तिथे पगारी माणूस बसला, की आवाज पहिल्याच आठवड्यात फुटतो.

एजन्सीच्या बाजूने बोलायचे तर आपल्या शेजारचेच उदाहरण सर्वांत भक्कम आहे. बडोद्याहून साधारण चाळीस किलोमीटरवर असलेल्या आणंदच्या अमूलची जाहिरात 1966 मध्ये सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्याकडे आली, युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी रेखाटली, आणि त्या मुलीचा खट्याळ आवाज पन्नासहून अधिक वर्षे जवळजवळ न बदलता टिकला. लोक याचे श्रेय कल्पकतेला देतात. माझ्या मते ते अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी दिलेल्या मोकळिकीला निम्म्याहून अधिक जाते, कारण ताज्या घटनेवरचा फलक दर वेळी मंजुरीसाठी फिरत बसला असता तर तो ताजा राहिलाच नसता. काम वर्षानुवर्षे एकाच घरात राहिले, वडिलांकडून मुलाकडे गेले, आणि ग्राहक संस्थेने मधेच हात घातला नाही. या अटी लहान व्यावसायिकाला क्वचितच पाळता येतात. त्याचे खाते एजन्सीत नव्या माणसाकडे जाते, तो माणूस काही महिन्यांत नोकरी बदलतो, आणि दर नव्या लेखकाबरोबर दुकान पुन्हा नव्याने बोलायला शिकते. त्यातून एजन्सी मुंबई-पुण्याची असेल तर आणखी एक गोष्ट घडते: ‘लीलो चेवडो’ हा बडोद्याचा अस्सल पदार्थ तिच्या मजकुरात ‘हिरवा चिवडा’ होतो, आणि जे नाव ऐकून गिऱ्हाईक दुकानात शिरते तेच नाव पुसले जाते.

म्हणून एजन्सी नेमायची असल्यास करार करताना दरमहा किती पोस्ट मिळतील यापेक्षा लेखक कोण, तो बदलल्यास कधी कळवले जाईल आणि तक्रारींची उत्तरे कोण देईल, हे विचारावे. तक्रारींची उत्तरे करारात नसतात असा माझा अनुभव आहे. म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला आवाज नेमका तिथे गप्प बसतो, जिथे गिऱ्हाईक कान देऊन ऐकत असते.

तिसरा मार्ग, म्हणजे दोन-तीन पानांचे भाषापत्रक आणि ते सांभाळणारे दुकानातलेच एक माणूस, हा दिसायला सर्वांत नीरस आहे. बडोद्याला तो नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभार गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून चाले, आणि एकाच गोष्टीला निरनिराळ्या खात्यांत निरनिराळे शब्द वापरले जाऊ नयेत यासाठी 1931 मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील प्रशासकीय शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. राज्याला जे कोशाने साधायचे होते, तेच दुकानाला दोन पानांत साधायचे असते.

त्या पानांवर ‘आम्ही विश्वासार्ह, आपुलकीचे आणि आधुनिक आहोत’ असली विशेषणे लिहून काही साधत नाही, कारण अशी विशेषणे कोणत्याही दुकानाला चिकटवता येतात. तिथे निर्णय लिहावेत. गिऱ्हाइकाला ‘तुम्ही’ म्हणायचे की ‘आपण’? स्वतःला ‘आम्ही’ म्हणायचे की दुकानाचे नाव घ्यायचे? उद्गारचिन्ह वापरायचे का? चूक आपली असेल तर क्षमा पहिल्या वाक्यात मागायची की कारण सांगून झाल्यावर? ‘घाणा’, ‘भाजणी’, ‘मोहन’ हे शब्द तसेच ठेवायचे का? आणि प्रत्येक निर्णयाखाली दुकानातून खरोखर गेलेला एक चांगला आणि एक फसलेला निरोप चिकटवावा, कारण माणूस नियमापेक्षा नमुन्यावरून लवकर शिकतो. गल्ल्यावर चार दिवस वही घेऊन बसले आणि काकांची वाक्ये जशीच्या तशी उतरवून घेतली, तर निम्मे पत्रक तयार होते.

‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण बडोद्यासारख्या ठिकाणी आवाज बहुधा इथेच तुटतो. हिंदीत ‘आप’ हे रोजचे आदरार्थी सर्वनाम आहे, गुजरातीत रोजचा आदर ‘तमे’ने भागतो आणि ‘आप’ समारंभापुरते राहते. मराठीत ‘तुम्ही’ हे ‘तमे’च्या जवळचे आहे, तर ‘आपण’ निमंत्रणपत्रिकेत शोभते. मूळ मजकूर हिंदीत लिहून तो मराठीत उतरवला, की ‘आप’चे ‘आपण’ होते आणि दुकान एकदम परक्यासारखे बोलू लागते. इंग्रजीतून उतरवले तर अडचण उलटी, कारण तिथे एकच सर्वनाम असल्यामुळे किती आदर राखायचा याची कसलीच सूचना मिळत नाही. त्यातच मराठी ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ असाही अर्थ होतो, त्यामुळे ‘आपण उद्या पैसे भरू’ आणि ‘आपण उद्या पैसे भरावेत’ यांत कोणाचा खिसा हलका होणार हे केवळ क्रियापद सांगते.

यावर माझा सल्ला असा की भाषांतर टाळावे आणि दोन्ही भाषांत स्वतंत्र लिहावे. वर दिलेला मालकांचा निरोप गुजरातीत ‘चकरी आजे पूरी थई गई छे. काले अगियार पछी नवी आवशे. तमारा माटे अडधो किलो बाजुए राखी मूकीए?’ असा सहज जातो, कारण त्याची रचना बोलण्यातून आलेली आहे. मराठीत ‘वहिनी’ आणि गुजरातीत ‘बेन’ म्हणणारा दुकानदार एकाच आवाजात बोलत असतो. ‘वहिनी’चे शब्दशः ‘भाभी’ करणाऱ्याला तो आवाज ऐकूच आलेला नसतो. बडोद्यातील मराठी माणसाला ही दोन भाषांतली सहजता जन्मतः मिळालेली असते, आणि बाहेरच्या एजन्सीला ती विकत घेता येत नाही. तिसऱ्या मार्गाकडे माझा कल आहे तो प्रामुख्याने यामुळे.

त्या मार्गाचा दोषही सांगितला पाहिजे. पत्रक कपाटात पडते. ते सांभाळणारी मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, की कोणी ते उघडत नाही. यावर उपाय म्हणजे पत्रकातील निरोप प्रत्यक्ष साधनांत बसवून टाकणे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ आहेत, पहिल्या नमस्काराचा आणि दुकान बंद असतानाचा मजकूर आधीच भरून ठेवता येतो, त्यामुळे घाईतल्या माणसालाही तयार वाक्य हाताशी मिळते. एसएमएसच्या बाबतीत तर कायदाच मदतीला येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांखाली व्यावसायिक संदेशाचा साचा डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी मंचावर आधी नोंदवावा लागतो, आणि नाव, रक्कम, तारीख अशा जागा तेवढ्या बदलत्या राहतात. बहुतेक दुकाने हे साचे नोंदणी करून देणाऱ्या माणसाकडून आयते घेतात, आणि मग ‘डिअर कस्टमर’ वर्षानुवर्षे जात राहतो. नोंदणीच्या दिवशी स्वतःची चार वाक्ये नेली तर तेवढ्याच श्रमात आपला आवाज नोंदला जातो.

एआयविषयी थोडक्यात. नुसती सूचना दिली तर ते सर्वांचा मिळून होणारा सरासरी आवाज देते, आणि मराठीत ती सरासरी सरकारी परिपत्रकाकडे झुकते. भाषापत्रक आणि वीस खरे निरोप पुढे ठेवले तर पहिला खर्डा कामाचा निघतो. म्हणजे हा मार्ग स्वतंत्र नाही. तिसऱ्या मार्गाची जोड म्हणूनच तो पाहावा, आणि रागावलेल्या गिऱ्हाइकाला जाणारे उत्तर मात्र माणसाने वाचल्याशिवाय पाठवू नये.

तेव्हा एकच दुकान, मालक रोज गल्ल्यावर आणि निरोप दिवसाला दहा-पंधरा असतील, तर मालकानेच लिहावे आणि उत्तम उतरलेली वाक्ये जपून ठेवावीत. दुसरी शाखा, घरपोच सेवा किंवा परदेशी पार्सले सुरू झाली असतील तर पत्रकाला पर्याय नाही. मोठ्या मोहिमेसाठी, नव्या वेष्टनासाठी किंवा चित्रफितींसाठी एजन्सी जरूर घ्यावी, परंतु पत्रक तिच्या हाती देऊन. ते तिच्याकडून करवून घेऊ नये. एजन्सी बदलली तरी पत्रक घरात राहते.

क्रमाचा विचार मात्र उलट्या बाजूने करावा. बहुतेक जण आधी खोकी छापतात, कारण खोके हातात घेऊन पाहता येते. पण खोके हे बदलायला सर्वांत महाग आणि सर्वांत अवघड. त्यावरच्या शब्दांना इतर बंधनेही असतात: अन्नपदार्थांच्या वेष्टनावरील आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावीच लागते आणि मराठी किंवा गुजराती तिच्या जोडीला येऊ शकते, तर ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’, ‘ताजे’ अशा शब्दांना एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत अटी घातलेल्या आहेत. म्हणून जेठ-आषाढात, गर्दी नसताना, व्हॉट्सॲपवर नवी वाक्ये वापरून पाहावीत, श्रावणात ती पत्रकात पक्की करावीत, आणि दिवाळीच्या खोक्यांचा मजकूर छापखान्याकडे त्यानंतरच पाठवावा.