ओन्दोलवर झोपायचं तर कापसाचीच ‘यो’ घ्या

कोरियन अंथरुणात वस्तू तीनच: खाली यो म्हणजे घडी होणारी गादी, वर इबुल म्हणजे दुलई, आणि उशी. यो मात्र कापसाची मिळते, मायक्रोफायबरची मिळते आणि तिच्या जागी फोमचे टॉपरही सर्रास विकले जातात. ओन्दोलवर, म्हणजे खालून तापणाऱ्या जमिनीवर अंथरायची असेल तर आमचा कौल कापसाला.

ऊब खालून येते आणि ती गादीतून अंगापर्यंत पोचायला हवी. चार-पाच सेंटिमीटर कापूस ती पोचू देतो आणि माकडहाडाला जमीनही टोचू देत नाही. दहा सेंटिमीटरचा फोम दुकानात दाबून बघताना फार छान वाटतो, पण उष्णता खालीच अडवून धरतो. गादीखाली जमीन तापलेली आणि वर झोपणारा गारठलेला! मग हीटिंग वाढवलं जातं. मेमरी फोम उष्णतेने आणखी मऊ पडतो, कंबर खोल जाते. लेटेक्स सतत तापून कडक होतं आणि त्याचा भुगा पडू लागतो.

कापसाचे दोषही आहेतच. गादी जड असते, आणि जिथे पाठ-कंबर येते तिथे दबत जाते. पण दबलेला कापूस पिंजून घेता येतो. त्यासाठीची दुकानं, सोमथुलजिप, कोरियात अजून आहेत: जुना कापूस काढून पिंजतात आणि नव्या खोळीत भरून देतात. घेताना टाके नीट बघा. ते आरपार घातलेले नसतील तर कापूस एका टोकाला सरकतो. वरचा अभ्रा चेनचा, काढून धुता येईल असाच हवा, कारण आतला कापूस मशीनमध्ये घातला की त्याचे गोळे झालेच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त गाद्या वाया जातात त्या ओलीमुळे. रात्रभराचा घाम खाली उतरतो. जमिनीवरचं तेलकागदाचं किंवा व्हिनाइलचं आच्छादन तो शोषत नाही. हीटिंग बंद असेल तर ओल तळाशीच साठते आणि बुरशीचे काळे ठिपके धरतात. म्हणून सकाळी यो उचलायचीच. उठल्या उठल्या घडी घालून कपाटात कोंबू नका. अर्धा तास खुर्चीवर टाकून वारा लागू द्या, मग तीन घड्या. ऊन असेल तेव्हा दोन्ही बाजूंनी दाखवा. जून-जुलैच्या छांगमात, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, ऊन मिळत नाही. तेव्हा गादी उचलून तासभर मंद हीटिंग चालवा, जमीन कोरडी होते.

भिंतीवरच्या कंट्रोलरवर बहुधा दोन मोड असतात: एक खोलीच्या हवेचं तापमान धरतो, दुसरा, ‘ओन्दोल’, नळ्यांतल्या पाण्याचं. आकडा नेमका कशाचा आहे ते पाहून मगच वाढवा. अंथरुणाखाली उष्णता कोंडते, आणि ४४ अंशांची वस्तूसुद्धा तासन्‌तास त्वचेला चिकटून राहिली तर भाजतं. लहान मुलं आणि मधुमेही यांच्या बाबतीत हे अजिबात हलक्यात घेऊ नये.

उताणं झोपणाऱ्यांना यो लवकर मानवते. उशी पातळ ठेवा. कुशीवर झोपणाऱ्यांच्या खांद्यावर आणि खुब्यावर भार येतो, त्यांनी उशी खांद्याच्या रुंदीइतकी उंच घ्यावी, गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवावी आणि तरीही रग लागली तर खाली दुसरी पातळ यो घालावी. गुडघे दुखत असतील, जमिनीवरून उठताना आधार लागत असेल, तर ही खरेदी करू नका.