टिसॉट पीआरएक्स ऑफिससाठी: क्वार्ट्झ घ्यावं की पॉवरमॅटिक ८०?

सोमवार ते शुक्रवार ऑफिसला घालायला एकच चांगलं घड्याळ हवं, सुट्टीत ते कपाटात राहणार आणि हातात घेतलं की वेळ बरोबर असली पाहिजे, एवढीच अपेक्षा असेल तर पीआरएक्सचं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घ्या. पॉवरमॅटिक ८०, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरून घेणारं ऑटोमॅटिक, घ्यायचं असेल तर त्याच्या डायलसाठी किंवा आतल्या मशीनच्या ओढीने घ्या. ‘ऑटोमॅटिक तेवढं अस्सल, सेलवालं म्हणजे स्वस्तातलं’ हे ऐकून घेऊ नका. किमतीत पावणेदोन पट ते दुपटीच्या घरातला फरक आहे आणि त्या वाढीव पैशात जास्त अचूक वेळ मिळत नाही, उलट कमी अचूक मिळते.

पीआरएक्स हे १९७८ सालचं डिझाइन, २०२१ मध्ये नव्याने आलं. केस (घड्याळाची धातूची पेटी) आणि पट्टा एकसंध दिसणारा, कडा सपाट, नीलम काच, १०० मीटरची जलरोधकता, ४० आणि ३५ मिमी ही मापं. हे सगळं दोन्ही प्रकारांत सारखंच आहे. समोरून पाहिलं तर फरक डायलचा. क्वार्ट्झची डायल साधी, प्रकाशात छटा बदलणारी, तर पॉवरमॅटिकच्या डायलवर बारीक चौकोनांची उठावदार नक्षी असते. खिडकीजवळ बसत असाल तर ही नक्षी दिवसभरात वेगवेगळी दिसते, आणि वाढीव पैशांचं खरं समर्थन मला तिथेच सापडतं. मागच्या बाजूला क्वार्ट्झला बंद स्टीलचं झाकण आहे, पॉवरमॅटिकला काच आहे आणि त्यातून रोटर, म्हणजे चावी भरणारं वजन, फिरताना दिसतो.

‘क्वार्ट्झ पातळ असतं, शर्टाच्या कफखाली सहज जातं’ हे इथे फारसं लागू पडत नाही. ४० मिमीमध्ये क्वार्ट्झची जाडी सुमारे १०.४ मिमी आणि ऑटोमॅटिकची १०.९ मिमी. अर्ध्या मिलिमीटरने कफला काही फरक पडत नाही. अडचण रुंदीची आहे. पट्ट्याची पहिली कडी केसपासून लगेच खाली वळत नाही, त्यामुळे घड्याळ ४० मिमीपेक्षा मोठं वाटतं आणि सपाट कड कफच्या शिवणीत अडकते. मनगटाचा घेर साडेसोळा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सरळ ३५ मिमी पाहा. शर्ट शिवून घेत असाल तर शिंप्याला डाव्या कफचा घेर अर्धा ते एक सेंटिमीटर जास्त ठेवायला सांगा. घड्याळ घालणाऱ्यांसाठी चांगले शिंपी असं करून देतात, फक्त माप देताना घड्याळ हातात हवं.

आता शनिवार-रविवारचा हिशेब. साध्या जुन्या धर्तीच्या ऑटोमॅटिकमध्ये, उदाहरणार्थ ईटीए कंपनीच्या २८२४-२ या मशीनमध्ये, पूर्ण चावी भरल्यावर ३८ तासांचा साठा असतो. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलं तर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ते थांबतं. पॉवरमॅटिक त्याच घराण्यातलं आहे, पण त्याची धडधड ताशी २८,८०० वरून २१,६०० वर आणली आहे, मुख्य स्प्रिंग बदलली आहे आणि साठा ८० तासांवर नेला आहे. शुक्रवार सात ते सोमवार सकाळी नऊ म्हणजे ६२ तास, तेव्हा साधा शनिवार-रविवार ते आरामात काढतं. गणपतीची किंवा दिवाळीची सुट्टी सोमवारी आली, की मंगळवार सकाळपर्यंत ८६ तास होतात आणि घड्याळ बंद सापडतं.

शिवाय ८० तास म्हणजे स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना. दिवसभर कीबोर्डवर बसणाऱ्याचा हात फार हलत नाही, आणि रोटर हाताच्या हालचालीवरच चावी भरतो. बैठं काम असेल तर शुक्रवारी काढण्यापूर्वी चावीला वीसेक फेरे द्या, म्हणजे सोमवारची खात्री राहते.

थांबलेलं ऑटोमॅटिक घाईत लावताना तारखेचं चक्र बिघडू शकतं. रात्री साधारण नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलणारे दात एकमेकांत गुंतलेले असतात. त्या अवस्थेत चावी पहिल्या खुणेपर्यंत ओढून तारीख फिरवली तर दात वाकतो किंवा तुटतो. म्हणून आधी वीसेक फेरे देऊन घड्याळ चालू करा. मग चावी पूर्ण बाहेर ओढा आणि तारीख उडी मारेपर्यंत काटे पुढे न्या. उडी मारली म्हणजे ती मध्यरात्र. तिथून काटे सकाळच्या साडेसहावर आणा, चावी एक खूण आत ढकला आणि आदल्या दिवसाची तारीख लावा. पुन्हा पूर्ण बाहेर ओढून काटे पुढे नेत आजची तारीख येऊ द्या आणि बरोबर वेळेवर थांबा. दुपार असेल तर बारा ओलांडून पुढे न्यायला विसरू नका, नाहीतर तारीख भरदुपारी बदलेल. शेवटी चावी पूर्ण आत दाबा. पीआरएक्सची चावी पेचाची नाही, नुसती दाबायची आहे. ती अर्धवट बाहेर राहिली तर १०० मीटरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, जूनच्या पावसात बसस्टॉपपर्यंतचं पाणीही आत जाऊ शकतं.

क्वार्ट्झला यातलं फारसं काही लागत नाही. ३१ पेक्षा कमी दिवसांच्या महिन्यानंतर वर्षातून पाच वेळा तारीख पुढे ढकलावी लागते, आणि ते काम दोन्ही घड्याळांना सारखंच आहे.

अचूकतेत क्वार्ट्झपुढे ऑटोमॅटिकचं काही चालत नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि साध्या क्वार्ट्झचा फरक महिन्याला १५ सेकंदांच्या आत मानला जातो. ऑटोमॅटिकचा फरक मोजायचा तो दिवसाच्या हिशेबाने. घड्याळांची अचूकता तपासणाऱ्या स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेच्या प्रमाणपत्राची मर्यादासुद्धा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे, म्हणजे प्रमाणित घड्याळही महिन्याला तीन मिनिटं पुढे जाऊ शकतं. पॉवरमॅटिक रोज पाचेक सेकंद पुढे जात असेल तर तो बिघाड नव्हे. रात्री ते कसं ठेवता यानेही थोडा फरक पडतो. डायल वर ठेवून एक आठवडा आणि चावी खाली ठेवून एक आठवडा मोजून पाहा, बरेचदा एक स्थिती दुसरीची चूक भरून काढते. एवढ्याने भागलं नाही तर नाक्यावरच्या घड्याळजीकडे नेऊ नका. जुन्या मशीनमध्ये वेग कमी-जास्त करायला छोटी दांडी असते, यात ती नाही. वेग कारखान्यात बॅलन्सवरच, म्हणजे आत मागे-पुढे झुलणाऱ्या चाकावरच लावलेला असतो.

ऑफिसात घड्याळाचा मोठा शत्रू म्हणजे चुंबक, आणि काउंटरवर त्याचा विषय सहसा निघत नाही. लॅपटॉपचं झाकण बंद ठेवणारे चुंबक, टॅबलेटचं कव्हर, फोनमागची चार्जिंगची रिंग, इअरफोनची डबी, लेडीज बॅगेचं बटण, ही सगळी टेबलावर हाताशी असतात. ऑटोमॅटिकमधली केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची चालती लांबी कमी होते आणि घड्याळ एकदम दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागतं. कालपर्यंत पाच सेकंदांचा फरक आणि आज तीन मिनिटांचा, असं झालं तर आधी संशय चुंबकाचाच घ्या. आत्ताच्या पॉवरमॅटिकमध्ये निवाक्रॉन नावाच्या टायटॅनियम मिश्रधातूची हेअरस्प्रिंग आहे, ती चुंबकाला फारशी दाद देत नाही. पण मशीनमध्ये पोलादाचे इतरही भाग आहेत, त्यामुळे धोका कमी झाला तरी संपला नाही.

उपाय सोपा आहे. डीमॅग्नेटायझर नावाची डबी काही शे रुपयांत मिळते. बटण दाबून धरायचं, घड्याळ डबीजवळून हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि लांब गेल्यावरच बटण सोडायचं. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडलं तर ते आणखी चुंबकित होतं. क्वार्ट्झचं वागणं वेगळं. चुंबकाजवळ त्याची मोटर अडते आणि घड्याळ थांबतं, पण लांब नेलं की पुन्हा चालू होतं. मागे पडलेली मिनिटं तेवढी लावून घ्यायची. त्याला डीमॅग्नेटायझरजवळ नेऊ नका. दोन्हींसाठी चांगली सवय म्हणजे काढलेलं घड्याळ फोनवर किंवा लॅपटॉपवर न ठेवणं. चार-पाच सेंटिमीटर अंतर राहिलं तरी धोका जवळपास जातो.

क्वार्ट्झचं दुखणं सेलमध्ये असतं. सेल संपत आला की सेकंद काटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारतो. हा बिघाड नाही, इशारा आहे, आणि त्यानंतर फार दिवस थांबू नये. मेलेला सेल आत राहिला तर गळतो आणि सर्किट खातो. कपाटात ठेवलेली क्वार्ट्झ घड्याळं बहुतेक अशीच मरतात. घड्याळ काही महिने वापरणार नसाल तर चावी बाहेर ओढून ठेवा, मोटर थांबते आणि सेल कमी खर्च होतो. पण ते कोरड्या जागीच ठेवा, कारण त्या अवस्थेत पाण्यापासून संरक्षण नसतं. बदलताना सेलवर ‘एसआर’ अक्षरं असलेला सिल्व्हर ऑक्साइडचाच हवा. ‘एलआर’ म्हणजे अल्कलाइन, तो स्वस्त, पण त्याचं व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि तो गळतोही लवकर. रस्त्यावर पाच मिनिटांत सेल बदलून मिळेल, पण झाकणाचा रबरी वॉशर तपासला जाणार नाही की दाबाची चाचणी होणार नाही. १०० मीटरचं घड्याळ असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरचे जास्तीचे पैसे द्यावेत.

ऑटोमॅटिकला चार-पाच वर्षांनी पूर्ण खोलून साफसफाई आणि तेलपाणी लागतं, आणि तो खर्च सेलच्या कितीतरी पट असतो. घेतानाच तो किमतीत धरा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वॉशर मात्र दोन्हींचे दर दोन वर्षांनी बघून घ्यावेत. एसी केबिनमधून बाहेर आल्यावर काचेवर वाफ धरली आणि पुसल्यावर गेली तर चिंता नाही. आतून धरली तर त्याच दिवशी दुरुस्तीला द्या.

पट्ट्याबद्दल दोन्ही घड्याळांवर सारखीच तक्रार आहे. बटरफ्लाय क्लास्पला (दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या पट्ट्याच्या कुलपाला) बारीक सैल-घट्ट करायची सोय नाही. मे महिन्यात दुपारी मनगट फुगतं आणि एसीत बसलं की उतरतं. म्हणून कड्या काढून घ्यायच्या त्या संध्याकाळी, मनगट भरलेलं असताना. सकाळी माप दिलं तर संध्याकाळी वळ उठतात. क्लास्प लॅपटॉपच्या कडेवर घासून दोघांनाही ओरखडे पाडतो, त्यावर मनगटाखाली मऊ पट्टी ठेवण्याखेरीज इलाज नाही.

बजेट बरंच जास्त असेल तर क्वार्ट्झमध्येच वर जाता येतं. कफखाली खरोखर नाहीसं व्हायला हवं असेल तर कार्तिएचं टँक मस्ट, मोठ्या मापात ३३.७ बाय २५.५ मिमी आणि जाडी फक्त ६.६ मिमी. अचूकतेचीच हौस असेल तर ग्रँड सेइकोचं ९एफ मशीन वर्षाला १० सेकंदांच्या आत राहतं. दोन लाखांच्या वर खरेदी गेली की पॅन द्यावा लागतो. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करायचा आयकर) हाही घेतला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

दुकानात पैसे देण्याआधी हातातलं नेमकं घड्याळ तपासा, शोकेसमधलं नव्हे. क्वार्ट्झमध्ये सेकंद काटा बारा, तीन, सहा आणि नऊच्या खुणांवर बरोबर पडतो का, ते पूर्ण मिनिटभर पाहा. एका बाजूला बरोबर आणि समोरच्या बाजूला खुणेच्या मधोमध पडत असेल तर दुसरं काढून मागा. ऑटोमॅटिकमध्ये तारीख खिडकीच्या मधोमध आहे का ते बघा, आणि चावी फिरवताना खरखर लागत नाही ना याची खात्री करा. दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय वॉरंटीच्या कार्डावर तारीख आणि दुकानाची नोंद हवी, आणि त्यावरचा क्रमांक मागच्या झाकणावरच्या क्रमांकाशी तिथल्या तिथे ताडून घ्या.