डॉसवर ग्राफिक्स मोड निवडताना: इनिटग्राफ, १३एच की मोड एक्स?

डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर जुनं डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) छोटासा गेम लिहायचा तर आधी फक्त अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्ट मोडमधून बाहेर पडावं लागतं. १९८७ च्या व्हीजीए या ग्राफिक्स कार्डासाठी त्याच्या तीन वाटा आहेत.

इनिटग्राफ, म्हणजे टर्बो सीमधलं ग्राफिक्स सुरू करणारं फंक्शन, आपल्याकडच्या कॉलेजांत टर्बो सीची प्रॅक्टिकल्स केलेल्यांना तोंडपाठ असतं. ‘डिटेक्ट’ दिलं की ६४० बाय ४८०, १६ रंग; रेषा, वर्तुळं आयती. ग्राफिक्स ड्रायव्हरचा पाथ (c:\tc\bgi) लहान अक्षरांत आणि एकेरी बॅकस्लॅशने लिहिला, तर सी ‘\t’च्या जागी टॅब वाचतं आणि ‘\b’च्या जागी बॅकस्पेस. मग ड्रायव्हर सापडत नाही आणि निम्मं प्रॅक्टिकल तिथेच संपतं. आलेख, घड्याळ असलं काही करायचं तर हेच घ्या. हलती चित्रं मात्र लुकलुकतात, कारण या मोडला पान, म्हणजे पडद्यावरच्या पूर्ण चित्राची मेमरी, एकच. ६४० बाय ३५० निवडलं तर दोन पानं मिळतात, हे लॅबमध्ये फारसं कुणी सांगत नाही.

गेमसाठी माझं मत सरळ १३एच या व्हीजीएच्या मोडला. प्रोसेसरच्या एएक्स रजिस्टरमध्ये १३एच (एच म्हणजे हेक्स आकडा) भरा, इंटरप्ट १०एच मारा, म्हणजे बायॉसला (मशीनच्या अंगभूत प्रोग्रॅमला) मोड बदलायला सांगा, झालं. ३२० बाय २००, २५६ रंग, एका पिक्सेलला एक बाइट. पिक्सेलचा मेमरीतला पत्ता काढायचा तर वायला ३२० ने गुणून एक्स मिळवायचा. सगळा पडदा ६४,००० बाइटचा, म्हणजे मेमरीच्या ६४ केबीच्या एका तुकड्यात (सेगमेंटमध्ये) आरामात बसतो. पान इथेही एकच. पण साध्या मेमरीत तेवढाच बफर घेऊन त्यात चित्र काढा, व्हर्टिकल रिट्रेसची (पडदा एकदा रंगवून झाल्यावरच्या क्षणाची) वाट बघा आणि मग सगळं एकदम कॉपी करा. लुकलुक जाते. खटकणारी गोष्ट म्हणजे पिक्सेल चौरस नाहीत. ४:३ च्या मॉनिटरवर ते रुंदीपेक्षा उंचीला सुमारे २० टक्के जास्त भरतात आणि हिशेब न करता काढलेलं वर्तुळ उभट अंड्यासारखं दिसतं.

मोड एक्समध्ये (३२० बाय २४०) पिक्सेल चौरस, आणि व्हीजीएच्या २५६ केबीत तीन पानंही मावतात, म्हणजे कॉपी न करता नुसतं पान बदलायचं. पण बायॉसला हा मोड माहीतच नाही. आधी १३एच लावायचा, मग कार्डातल्या सीक्वेन्सर आणि सीआरटीसी या भागांची रजिस्टरं हाताने बदलायची. शिवाय शेजारशेजारचे चार पिक्सेल चार वेगळ्या प्लेनमध्ये (मेमरीच्या थरांत) जातात, त्यामुळे प्रत्येक स्प्राइटचा (हलत्या चित्राचा) कोड नव्याने लिहा. प्रोग्रॅमर मायकेल ॲब्रॅश यांनी १९९१ मध्ये हा मोड लोकांपुढे आणला, तेव्हाच्या मशीनवर एवढी खटपट परवडायची. आज डॉसबॉक्समध्ये ६४,००० बाइट कॉपी करायला कितीसा वेळ लागतो? हार्डवेअर स्क्रोलिंग (कार्डाकडूनच पडदा सरकवणं) हवं असेल किंवा हौसच असेल, तरच या वाटेला जा.

वाट कुठलीही घ्या, बाहेर पडताना मोड ३ (८० कॉलमांचा टेक्स्ट मोड) लावायला विसरू नका. इनिटग्राफवाल्यांना ‘क्लोजग्राफ’ पुरतं. १३एचमध्येच प्रोग्रॅम संपला तर प्रॉम्प्ट ४० कॉलमांच्या ढब्ब्या अक्षरांत येतो. खऱ्या एमएस-डॉसवर तिथेच ‘मोड सीओ८०’ टाइप केलं की ८० कॉलम परत येतात.