मनगटाचे तीन बेल्ट वापरून झाले, त्याबद्दल (डावा हात, करंगळीकडची बाजू)

मी चिपळूणात रिक्षा चालवतो, २१ वर्षं झाली. रिक्षाचा गिअर डाव्या मुठीत असतो, क्लच दाबायचा आणि तीच मूठ वर-खाली फिरवायची, बहादूरशेख नाक्यावरून गोवळकोटला एक भाडं नेलं तरी हे तीस-चाळीस वेळा सहज होतं. त्यामुळे डावं मनगट दुखायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले रिक्षाने झालंय, वयाने झालंय, आणि मीही तेच धरून बसलो. त्यात ११ महिने गेले. रिव्ह्यू बेल्टचाच आहे पण नेमकं झालं काय होतं ते सांगितल्याशिवाय कुणाला त्याचा उपयोग नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

पहिला बेल्ट इलॅस्टिकचा, अंगठ्यात अडकवून मनगटाला गुंडाळायचा, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो, मला १८० रुपयांना पडला. ऊब मिळते, हात बांधलाय असं वाटतं, बाकी काही नाही. मनगट त्यात सगळीकडे वळतं. मी तो घालून दोन महिने गाडी चालवली आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. चावी फिरवताना, ओला टॉवेल पिळताना, भाताचा टोप उतरवताना करंगळीच्या बाजूने कळ यायची आणि आत टक् असं वाजायचं. सकाळी उठताना गादीवर हात टेकला की डोळ्यात पाणी.

तोपर्यंत एक्स-रे झाला, नॉर्मल. युरिक ॲसिड नॉर्मल, आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह. रात्री बोटांना मुंग्या येतात का विचारलं, नाही म्हणलं, तरी नसांची टेस्ट झाली, तीही नॉर्मल. दरवेळी गोळ्या, जेल आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. मध्ये कुणाच्या सांगण्यावरून एका हाड बसवणाऱ्याकडे गेलो, त्याने तेल लावून असा खेचला हात की चार दिवस सूज उतरली नाही, हे कृपा करून करू नका. रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांना बरं वाटायचं आणि मला मात्र भीती वाटायची, कारण दुखत तर होतं आणि कशाने ते कुणालाच माहीत नाही. स्टँडवर दोघंतिघं म्हणाले मनावर घेतोस तू. बायको एकटी म्हणत राहिली की काहीतरी आहे, आपण कराडला दाखवू.

कुंभार्ली घाट चढून कराडला गेलो, तिथे फक्त हाताचं बघणारे डॉक्टर आहेत. त्यांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि आधी दोन्ही हात समोर घेऊन बघितले. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर आलेलं असतं त्याच्या लगतच एक खळगा आहे, तिथे बोटाने दाबलं आणि मी ओरडलोच. मग खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून उठायला सांगितलं, उठता येईना. पडला होतात का, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला होता आणि मी सगळ्यांना नाही म्हणलं होतं. यांनी विचारलं, कधी हात टेकून सावरलात का? तेव्हा आठवलं. श्रावणात मामांकडे जांभ्याच्या पायरीवर शेवाळ होतं, पाय घसरला, डावा तळहात टेकला म्हणून वाचलो. पडलो नव्हतो ना, म्हणून कधी सांगितलंच नाही.

एमआरआय काढला, टीएफसीसी फाटलंय असं निघालं. मनगटात करंगळीकडे कोपरापासून येणारं हाड आणि पंजाची छोटी हाडं यांच्यामध्ये कुर्चेची गादी असते, तिच्यासोबत बारीक पट्टे असतात जे कोपराखालची दोन हाडं एकत्र धरतात, ते सगळं म्हणजे टीएफसीसी. कुर्चा एक्स-रेत दिसत नाही. मला डॉक्टर म्हणाले, काका, गाडीचा रबरी बुश गेला तर फोटोत फक्त लोखंड दिसेल, तसं आहे हे. एका वाक्यात ११ महिन्यांचं कळलं. बाहेर येऊन बायकोला सांगताना मला रडू आलं, लिहायला लाज नाही.

मग दुसरा बेल्ट, लांब, आत धातूची पट्टी असलेला, ४५० रुपये. सहा आठवडे रात्रंदिवस, फक्त आंघोळीला काढायचा. हा खरा काम करतो, मनगट वळूच देत नाही, तिसऱ्या आठवड्यापासून झोप लागायला लागली. पण हा घालून रिक्षा चालवता येत नाही, विचारही करू नका, माझी गाडी तेवढे दिवस भाच्याने चालवली आणि पैशाची ओढाताण झाली. दुसरं म्हणजे आपल्याकडची हवा. पावसात आतला फोम वाळत नाही, वास मारतो, कातडीला घामोळं येतं. मी जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून आत घालायचो, रोज धुतलेला. धुताना पट्टी बाहेर काढा, माझ्या पट्टीला तीन महिन्यांत गंज धरला. वेल्क्रोत धागे अडकतात, जुन्या टूथब्रशने साफ होतात.

तिसरा बेल्ट बारीक पट्ट्यासारखा, मनगटाच्या जरा वर दोन्ही हाडं आवळून धरतो, तळहात मोकळा. ऑनलाईन ६५० रुपये. फिजिओथेरपीच्या ताईंनी वजनकाटा टेबलावर ठेवून त्यावर डावा तळहात दाबायला सांगितला, दुखेपर्यंत. बेल्ट नसताना ९ किलो, बेल्ट लावून २१. हे बघून मी लगेच मागवला. क्लच दाबता येतो, गिअर पडतो. फार आवळलात तर बोटं थंड पडतात, तेव्हा एक भोक सैल ठेवा. मला ऑपरेशन सध्या नको म्हणालेत, व्यायाम चालू आहेत, अर्धा दिवस गाडी चालवतो आणि परशुराम घाटाचं भाडं घेत नाही.

मार्क द्यायचे तर पहिल्याला ५ पैकी १, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला साडेचार. पण अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल तर माझा तिसरा बेल्ट तुमच्या कामाचा नाही, त्याला अंगठा धरणारा वेगळा मिळतो. आणि घेताना डावा-उजवा बघा, मला दुकानात उजव्या हाताचा दिला होता, घरी येऊन कळलं. बिल होतं म्हणून बदलून मिळाला.