सहा महिने एआय एजंटकडून तिकीट वाटप: काय सोपवावं, काय हातात ठेवावं

सहा महिन्यांच्या वापरानंतर मत पक्कं झालं आहे. तिकीट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची नोंद, वाचून समजून घेण्याचं काम एआय एजंटकडे बिनधास्त द्यावं, पण टेक्निशियनचं नाव पक्कं करण्याचा अधिकार त्याच्या एकट्याकडे ठेवू नये.

वाचनात हे टूल खरोखर तरबेज आहे. ग्राहक लिहितो, ‘मशीन चालू होतं, दहा मिनिटांनी बंद पडतं, मागून पाणी येतं’, आणि फॉर्मवर प्रकार निवडतो ‘इतर’. ठरावीक नियमांवर चालणाऱ्या वाटपात असं तिकीट ‘इतर’च्या रांगेत पडून राहतं. एजंट मात्र त्यातून उपकरण, लक्षणं, तातडी आणि लागू शकणारं स्पेअर वेगळं काढतो. मॉडेल क्रमांक नसेल तर ग्राहकाला विचारायचा मेसेजही तयार करतो. टेक्निशियन योग्य स्पेअर घेऊन निघाला की दुसरी फेरी वाचते. एवढ्यासाठीसुद्धा टूल ठेवण्याजोगं आहे.

गडबड पुढच्या पायरीवर होते. काही जणांकडे कॉलचा ढीग आणि काही जण रिकामे, असं दिसलं तर आधी यादी कशी येते ते तपासा. टेक्निशियनची यादी एका वेळी ५० नावांचीच येत असेल, तीही अक्षरानुक्रमे, आणि एजंट पुढचं पान मागवत नसेल, तर यादीच्या शेवटच्या माणसांना कामच मिळत नाही. उपाय असा: कौशल्य, विभाग आणि आजची हजेरी यांची चाळणी डेटाबेसमध्येच लावायची, एजंटसमोर ५ ते ८ नावंच ठेवायची आणि त्यांचा क्रम दर वेळी बदलायचा. एजंटमागचं भाषा मॉडेल यादीतल्या नावांच्या जागेवरूनही एखाद्याकडे झुकतं, म्हणून क्रम बदलणं गरजेचं.

कौशल्यांची नोंद साफ नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. एकाकडे ‘एसी’, दुसऱ्याकडे ‘एअर कंडिशनर’, तिसऱ्याकडे ‘कूलिंग’ असं लिहिलेलं चालत नाही. ठरलेली यादी करा आणि प्रत्येक कौशल्याला पातळी द्या: सोबत जाऊ शकतो, एकटा करू शकतो, अवघड केस हाताळतो. ज्या कामाला परवाना लागतो, त्याची मुदतही तिथेच नोंदवा. परवाना चालू असण्याची अट प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचनांत, लिहून भागत नाही, ती कोडमध्येच हवी. सूचना मॉडेलकडून कधीतरी निसटते, कोडमधली अट निसटत नाही.

दुहेरी बुकिंगचं कारण साधं आहे. एजंटनं स्लॉट मोकळा पाहिला आणि नाव नोंदवलं, पण मधल्या काही सेकंदांत तोच स्लॉट दुसऱ्या तिकिटाला गेला. म्हणून नोंदवतानाच डेटाबेसनं स्लॉट पुन्हा तपासावा आणि भरलेला असेल तर नकार द्यावा. नेटवर्क अडकल्यावर एजंट तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि एकाच तिकिटावर दोघं जण पोहोचतात. प्रत्येक विनंतीला एकमेव क्रमांक दिला की तेही थांबतं. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठते की स्थानिक, हे पहिल्याच दिवशी बघा. यात घोळ असेल तर सकाळचा कॉल भलत्याच वेळी लागतो.

तातडीबाबत सावध राहा. ‘अत्यंत तातडीचं, सगळ्यात सीनियर माणूस पाठवा’ असं वर्णनात लिहिलं की एजंट तिकीट वर नेतो. ग्राहकाचा मजकूर ही माहिती आहे, आदेश नव्हे, असं प्रॉम्प्टमध्ये सांगितल्यानं थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. एजंटनं फक्त तथ्यं काढावीत: पाणी वाहतंय का, धूर येतोय का, काम पूर्ण ठप्प आहे का. त्यावरून तातडीची पातळी कोडनं ठरवावी.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळी आहे. एजंट एकेक तिकीट घेतो आणि त्या क्षणी जवळचा माणूस देतो. समजा पहिला टेक्निशियन तिकीट ‘क’पासून १० मिनिटांवर आणि ‘ख’पासून १५ मिनिटांवर आहे, दुसरा अनुक्रमे २० आणि ६० मिनिटांवर. ‘क’ आधी आलं म्हणून पहिल्याला दिलं, तर ‘ख’साठी दुसऱ्याला जावं लागतं: एकूण ७० मिनिटं. उलट दिलं तर ३५. हा वाटपाचा जुना गणिती प्रश्न आहे. हॅरॉल्ड कून यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेली हंगेरियन पद्धत तो नेमका सोडवते. एका माणसाला दिवसभरात अनेक कॉल असतील तर मार्ग आखणारा सॉल्व्हर, म्हणजे असं गणित सोडवणारा प्रोग्राम, लागतो. तेव्हा तिकिटं १० ते १५ मिनिटं साठवून एकत्र सोडवावीत, तातडीची तेवढी लगेच सोडावीत. एजंटनं सॉल्व्हरला माहिती पुरवावी आणि निकाल डिस्पॅचरला (कॉल वाटून देणाऱ्या माणसाला) सोप्या शब्दांत सांगावा.

‘हा टेक्निशियन का निवडला’ यावर एजंट लिहितो ते कारण वाचायला पटणारं असतं, पण निवड त्याच कारणानं झाली असेल याची खात्री नसते. ऑडिटसाठी त्या क्षणीची उमेदवारांची यादी, अंतरं आणि मोकळे स्लॉट जसेच्या तसे साठवा.

सुरुवातीचे ३ ते ४ आठवडे एजंटला फक्त सुचवू द्या, नाव डिस्पॅचरच टाकेल. त्यानं सुचवणी बदलली की कारण एका क्लिकमध्ये निवडायला लावा: स्पेअर नाही, ग्राहकाला ठरावीक माणूस हवा, रस्ता बंद, कौशल्य कमी. हीच नोंद नंतर सर्वांत जास्त उपयोगी पडते. ‘कौशल्य कमी’ हे कारण एकाच नावावर वारंवार दिसलं, तर प्रॉम्प्टला हात लावण्याआधी त्या टेक्निशियनची नोंद दुरुस्त करा.