पाळीच्या कमरदुखीसाठी तेल मालिश: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठवड्यातून एकदा मालिशवाल्या ताई घरी (इंदिरानगर, नाशिक) आणि अधेमधे दोनदा घरच्या घरी, असा क्रम. पाळी येण्याआधीच्या तीन-चार दिवसांत केली तर कमरेचा ताठरपणा आणि मांड्यांतली ओढ स्पष्ट कमी होते. कळा मात्र थांबत नाहीत, फक्त सुसह्य होतात. कळा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे गर्भाशय आवळल्याने येतात, तिथवर हात पोचत नाही.

खरं काम होतं ते कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी सपाट हाडावर. पालथं झोपायचं, ओटीपोटाखाली पातळ उशी. मनगटालगतचा तळहाताचा मांसल भाग ठेवून सावकाश वर्तुळं, पाच मिनिटं. मग तिथून दोन्ही कुल्ह्यांकडे, दुखरा बिंदू सापडला की अंगठा वीस-तीस सेकंद नुसता टेकवून ठेवायचा. मणक्यावर दाब नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून. शेवटच्या बरगडीखाली कुशीत तर अजिबात रगडू नये, तिथे मूत्रपिंडं असतात. बोलताना श्वास अडखळला, तर दाब जास्त झाला समजा. दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसलं तर ती मालिश नव्हे, मार होता. ‘दुखल्याशिवाय गुण नाही’ हे बहुतेक ताई ठासून सांगतात. ऐकू नका.

पोटावर फक्त हलका हात, उजवीकडून वर, आडवा आणि डावीकडून खाली, कारण मोठं आतडं तसंच वळतं. गॅस धरलेला असेल तर यानेच बरं वाटतं. रक्तस्राव जास्त असताना पोट सोडून द्यावं. ‘बेंबी सरकलीय, बसवून देते’ म्हणत खोल दाबणाऱ्या हातांना स्वच्छ नकार द्या.

तेल घाण्याचं तिळाचं, कमर-पायांना ३० मिली पुरे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे नाशिकच्या थंडीत प्रत्येक वेळी बाटली वितळवत बसा. तिळाचं पातळच राहतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर नको, चटका बसतो. पहिल्यांदा कोपराच्या आत थेंबभर लावून दिवसभर थांबा, तिळाची अ‍ॅलर्जी असते. पलंग नको: गादी दबते आणि दाब तिथेच जिरतो. जमिनीवर सतरंजी आणि वर दोन गोधड्या. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत. ताईंशी ठरवताना तासाच्या भावात तेल कुणाचं, हे आधीच बोलून घ्या.

एका पोटरीला सूज, लाली आणि दुखणं असेल, विशेषतः बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, तर हात लावू देऊ नका. ती रक्ताची गाठ असू शकते, डॉक्टरकडेच जायचं. गरोदरपणात किंवा सिझेरियननंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दर महिन्याला दुखणं वाढतंय, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातंय किंवा तासाभरात पॅड भिजतंय, तर मालिश बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) नाही असं ठरत नाही, हेही विचारून घ्या.

गैरसोय एकच मोठी, टॉवेल. तेलकट टॉवेल ढीग करून ठेवला की आठवड्यात खवट वास धरतो आणि मग जात नाही. त्याच दिवशी कडकडीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. अंघोळीला डाळीचं पीठ लावलंत तर आधी मोरीवर जाळी ठेवा, पीठ-तेलाचा लगदा पाइपात बसतो. आणि फरशी पुसून मगच उठा.