तांबी बसवून देतात, पण काढून देतात का? मराठवाड्यातल्या सरकारी कुटुंबनियोजन सेवेची पारख

मराठवाड्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, साधनांची यादी सारखीच: निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा हे इंजेक्शन, तांबी (कॉपर-टी) आणि नसबंदीचं ऑपरेशन. पैसे कशालाच पडत नाहीत आणि यातलं एकही साधन टाकाऊ नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के ऑपरेशन झालेल्या निघाल्या. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. ताट पंचपक्वान्नाचं मांडलेलं आणि वाढलेला पदार्थ मात्र एकच, असं हे चित्र आहे.

अशी सेवा मोजायची कशी, यावर जगभर बराच अभ्यास झाला आहे. जूडिथ ब्रूस यांनी १९९० मध्ये दर्जाचे सहा घटक मांडले: साधनांची निवड, दिलेली माहिती, देणाऱ्याचं कौशल्य, वागणूक, पाठपुरावा आणि जोडीच्या सेवा. पहिल्या घटकात आपली केंद्रं चांगल्या गुणांनी पास होतात. गाडी अडते ती माहितीवर आणि पाठपुराव्यावर. त्याच पाहणीत, वापरत असलेल्या साधनाचे दुष्परिणाम कुणीतरी सांगितले होते असं म्हणणाऱ्या बायका देशात ६२.४ टक्के होत्या. म्हणजे दहातल्या जवळजवळ चौघींना ते कधी कुणी सांगितलेलंच नाही. कॅलिफोर्नियात क्रिस्टीन डेहलेनडॉर्फ यांच्या गटाने तर चारच प्रश्नांची मोजपट्टी केली: मला माणूस म्हणून मान दिला का, मला काय महत्त्वाचं वाटतं ते बोलू दिलं का, माझी पसंती मनावर घेतली का, आणि ठरवण्यापुरती माहिती दिली का. हे चार प्रश्न प्रत्येक आशाताईच्या डायरीत पहिल्या पानावर असायला हवेत.

तांबीपासून सुरू करू, कारण सेवेची खरी परीक्षा तिथंच होते. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. पहिल्या वर्षात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत, इतकं हे साधन भरवशाचं. एरवी पाळी सुरू झाल्यापासून १२ दिवसांत बसवता येते, आणि गरोदर नसल्याची खात्री असेल तर कुठल्याही दिवशी. बाळंतपणात बसवायची तर वार पडल्यावर १० मिनिटांत, फार तर ४८ तासांच्या आत. ती वेळ टळली तर सहा आठवडे थांबावं लागतं. वार पडल्यावर बसवताना ती लांब चिमट्याने गर्भपिशवीच्या अगदी वरच्या टोकापर्यंत न्यावी लागते. सिस्टरचा हात तयार नसेल आणि ती खालीच राहिली, तर पुढच्या काही आठवड्यांत आपोआप बाहेर पडते. म्हणून सहा आठवड्यांनी दाखवायला येणं चुकवायचं नाही. त्या वेळी तांबीचा दोरा खाली उतरलेला दिसतो, लांब असेल तर कापून देतात.

चुकतं ते संमतीच्या वेळेत. कळा चालू असलेल्या बाईला टेबलावर ‘तांबी बसवू का?’ विचारलं तर ती कशालाही हो म्हणेल. हे बोलणं गरोदरपणातल्या तपासणीतच व्हायला हवं, आणि उत्तर कार्डावर लिहिलेलं हवं. राहून गेलंच तर कळा जोरात यायच्या आधी, नाहीतर बाळंत झाल्यावर बाई शांत झाली की विचारावं. ४८ तास हातात असतातच. न विचारता बसवलेली तांबी ही सेवेतली सगळ्यात गंभीर चूक आहे, मग ती वैद्यकीयदृष्ट्या कितीही नीट बसलेली असो.

पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जातं आणि पोट दुखतं. हे आधी सांगितलं तर बाई धीर धरते. न सांगितलं तर ‘तांबीनं काहीतरी बिघडवलं’ म्हणून घाबरते, आणि ती भीती वस्तीभर पसरते. जास्त जात असेल तर पाळीच्या दिवसांत आयबुप्रोफेन आणि रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, इतक्यानं बहुतेकींचं निभतं. पण ताप, घाण वास येणारं पांढरं जाणं आणि ओटीपोटात कळ एकत्र आली तर त्याच दिवशी केंद्र गाठायचं.

आणि काढणं. आत बघायचं उपकरण लावायचं, दोरा चिमट्यात धरायचा, हळूहळू ओढायचं. भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम. दोरा दिसत नसेल तरच सोनोग्राफीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावं लागतं. एवढ्या साध्या कामाला ‘आणखी सहा महिने राहू द्या’, ‘नवऱ्याला घेऊन या’, ‘बसवली तिथंच जा’ अशी उत्तरं मिळतात. समजा एखादीचं पहिलं बाळंतपण माहेरी नांदेडला, सासर बीडमधल्या गेवराईकडं. तिनं बसवली तिथं जायचं कसं? बाळंतपणातली तांबी बसवणाऱ्याला आणि आशाला मोबदला ठरलेला आहे, काढण्यासाठी कुणालाच काही नाही, हेही एक कारण असावं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात २००७ पासून झालेल्या चॉइस प्रकल्पात ९,२५६ बायकांना साधनं फुकट दिली गेली, तेव्हा सुमारे पाऊण जणींनी तांबी किंवा इम्प्लांटसारखी (दंडात कातडीखाली बसवायची कांडी) दीर्घकाळ चालणारी साधनं घेतली. आपल्याकडे हा आकडा ‘तांबी जास्त बसवा’ म्हणून वापरायचा मोह होतो. पण त्या प्रकल्पात साधन बदलायचीही पूर्ण मोकळीक होती, आणि ती अट सोडून आकडा तेवढा उचलता येत नाही. आमच्या मते मागितल्या दिवशी तांबी काढून देणारं केंद्रच चांगलं केंद्र.

अंतरा हे १५० मिलीग्रॅमचं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेत. पहिला डोस पाळीच्या पहिल्या सात दिवसांत, अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर. आधी रक्तदाब बघायलाच हवा. १६०/१०० किंवा वर असेल तर देत नाहीत. बाटली हलवून घ्यायची, आणि टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही. चोळल्यानं औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. पुढचा डोस ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी ते चार आठवडे नंतर चालतो. ही सवलत किती जणींना माहीत असते? आठवडा उशीर झाला म्हणून बाई येतच नाही, किंवा आली तर परत पाठवतात. दोन्ही चूक.

बीड, जालना, परभणीकडची ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या सुमारास निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. म्हणजे निदान एक डोस, बहुधा दोन, कारखान्याच्या तळावर असतानाच येतात. अंतराचं कार्ड सोबत असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रातही डोस मिळायला हवा. कार्ड घरी ट्रंकेत राहिलं की साखळी तुटते. तिथं खाडा पडला की पैसे कापले जातात, त्यामुळं पाच-सहा किलोमीटरवरच्या केंद्रात जाणं म्हणजे दिवसाची मजुरी. निघण्याआधीच्या आठवड्यात उपकेंद्रानं यादी काढून डोस दिले आणि पुढची तारीख कार्डावर लिहिली तर अर्धं काम होतं.

अंतरात पाळी अनियमित होते, डाग पडतात, पुढे बंदही होते. पाळी बंद म्हणजे घाण रक्त साठतं, हा समज खोडून काढायला पाच मिनिटं लागतात, ती द्यावीत. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. पुढच्या वर्षी मूल हवं असणाऱ्या जोडप्याला हे आधी सांगायलाच हवं, कारण तांबीसारखं हे मधेच काढून टाकता येत नाही.

बीडचा विषय निघाला म्हणून: २०१९ मध्ये तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जातंय म्हणून आलेल्या बाईला जवळ, फुकट आणि धीरानं तपासणारं कुणी असणं किती मोलाचं आहे, ते या आकड्यावरून कळतं.

छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली गोळी, हार्मोन नसलेली, पाजणाऱ्या आईलाही चालणारी. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. तो रविवार असेल तर पहिले तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी, चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. आठ गोळ्यांचं पाकीट आधी महिनाभर, नंतर दोन महिने पुरतं. गोंधळ होतो तो चौथ्या महिन्याच्या बदलात. पाळी लांबते, १५ दिवसांहून जास्त लांबली तर चाचणी करायची. नुकतीच कावीळ झालेल्या किंवा पीसीओएस (बीजकोशाचा, पाळी बिघडवणारा विकार) असलेल्या बाईनं ही घेऊ नये.

ऑपरेशनची सेवा पूर्वीपेक्षा सुधारली. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि १३ जणी गेल्या; २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांत शिबिरं बंद करायला सांगितलं. एका पथकानं दिवसात ३० हून जास्त करू नयेत, असा निकष आहे. टाक्याचं (पोटाला छोटा छेद देऊन) बाळंतपणानंतर सात दिवसांत, बिनटाक्याचं (दुर्बिणीनं) सहा आठवड्यांनंतर. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर करायचं नाही. संमती बाईची लागते, नवऱ्याची सही आवश्यक नाही. फॉर्म मराठीतला मागून घ्या आणि वाचून, नाहीतर वाचून घेऊनच सही करा. पाळी आल्यावर किंवा महिन्याभरानं मिळणारं प्रमाणपत्र जपून ठेवा. पुढे दिवस राहिले तर भरपाईच्या अर्जाला तेच लागतं.

पुरुषांची नसबंदी याहून सोपी: फक्त जागेवर भूल, १५–२० मिनिटं, टाका नाही. पण लगेच लागू होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं, शुक्राणू नाहीत असं आल्यावरच प्रमाणपत्र. दोन वेळा यावं लागेल हे पहिल्याच दिवशी नवऱ्याला सांगायचं, आणि घरी पाठवताना निरोधची पाकिटं सोबत द्यायची.